हमीपत्रावर बालविवाह थांबत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

लग्नसराई सुरू झाली की वृत्तपत्रांत एक मथळा हमखास दिसतो : 'प्रशासनाच्या सतर्कतेने बालविवाह रोखला'. सोबत फोटो असतो. त्यात पोलीस, ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका आणि माना खाली घातलेले आईवडील. बातमीचा शेवटही ठरलेला : 'मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत तिचे लग्न करणार नाही, असे हमीपत्र पालकांकडून लिहून घेण्यात आले.' आम्ही मराठवाड्यात बालविवाह रोखण्याचे काम करणारे कार्यकर्ते आहोत आणि आमचे म्हणणे या शेवटच्या वाक्याविषयी आहे. मांडव उठतो, वऱ्हाड परत जाते आणि पुष्कळदा आठ-पंधरा दिवसांत दुसऱ्या तालुक्यात, मामाच्या मळ्यात किंवा एखाद्या देवळात, रात्री उशिरा, पंधरा-वीस माणसांत अक्षता पडतात. त्या वेळी कोणी फोन करत नाही. गावाच्या लेखी प्रकरण मिटलेले असते आणि यंत्रणेच्या कागदावर एक बालविवाह रोखलेला असतो.

हमीपत्र मोडले म्हणून लग्न रद्द होत नाही. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा, तो लागू झाला १ नोव्हेंबर २००७ पासून. मुलीचे वय १८ आणि मुलाचे २१, हे सगळ्यांना पाठ आहे. पण त्यापेक्षा कमी वयात झालेले लग्न आपोआप रद्द ठरते, हा समज चुकीचा आहे. कलम ३ नुसार ते रद्द करून घेण्याचा हक्क ज्याचे लग्न बालवयात झाले त्याला आहे. त्यासाठी जिल्हा न्यायालयात अर्ज करावा लागतो, तोही सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत. म्हणजे मुलीच्या हातात विसाव्या वर्षापर्यंतचाच काळ. तोवर बहुतेकींच्या कडेवर मूल आलेले असते आणि असा काही हक्क आहे हे त्यांच्या कानावरही गेलेले नसते.

म्हणून कलम १३ महत्त्वाचे. या कलमाखाली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी लग्नावर मनाई हुकूम देऊ शकतात. तो हुकूम डावलून लग्न लावले तर कलम १४ प्रमाणे ते मुळातच रद्दबातल ठरते, मुलीला वेगळा अर्ज करावा लागत नाही. हुकूम मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. (महिलेला मात्र कैदेची शिक्षा नाही.) हमीपत्रात यातले काहीच नाही. तरीही मनाई हुकूम मागण्याची वेळ क्वचितच येते, कारण अर्ज कोणी करायचा, कसा करायचा आणि सोबत काय जोडायचे, याचे प्रशिक्षण गावपातळीवरच्या माणसांना नीट मिळालेले नाही.

अर्ज बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याला करता येतो, स्वयंसेवी संस्थेला करता येतो, आणि खात्रीची माहिती असलेल्या कोणालाही करता येतो. न्यायदंडाधिकारी स्वतःहून दखल घेऊ शकतात. तातडी असेल तर समोरच्याला नोटीस न देता अंतरिम हुकूम देण्याची तरतूदही याच कलमात आहे. त्यामुळे 'लग्न परवा आहे, आता कोर्टात जाऊन काय उपयोग' हे कारण टिकत नाही. अर्जात मुलीचे पूर्ण नाव, जन्मतारीख आणि तिचा पुरावा, लग्नाची तारीख, वेळ, ठिकाण, नवऱ्या मुलाचे नाव-गाव, दोन्हीकडच्या आईवडिलांची नावे आणि सोयरीक जुळवणाऱ्या मध्यस्थाचे नाव असावे. इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली, फक्त मुलीच्या बापाला सामनेवाले, म्हणजे अर्जातला विरुद्ध पक्ष, करतात. मग लग्न मुलाच्या गावी होते आणि 'आम्हाला हुकूम माहीतच नव्हता' म्हणायला सगळे मोकळे. दुसरी, मागणीत 'अमुक तारखेचा विवाह थांबवावा' एवढेच लिहितात. मग तारीख बदलली की हुकुमाचा धाक संपला. या मुलीचा विवाह ती अठरा वर्षांची होईपर्यंत, म्हणजे अमुक दिनांकापर्यंत, कोणाशीही आणि कोठेही लावू नये, अशीच मागणी करावी. हुकूम मिळाला की त्याची प्रत दोन्ही गावांच्या ग्रामपंचायतींना, दोन्ही पोलीस ठाण्यांना आणि मुलीच्या मुख्याध्यापकांना त्याच दिवशी पोचली पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात शिक्षेपेक्षा प्रतिबंधावर भर दिला आणि दंडाधिकाऱ्यांनी स्वतःहून असे हुकूम द्यावेत, असेही सुचवले. बालविवाह प्रतिबंधाचेच काम करणारा, इतर कामांचे ओझे नसलेला अधिकारी जिल्ह्यात असावा, हेही त्यात आहे. आपल्याकडे गावात ही जबाबदारी ग्रामसेवकावर, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यावर आहे आणि अंगणवाडी सेविका त्याला साहाय्य करते. त्याच्याकडे घरपट्टी, पाणीपट्टी, घरकुलाची कामे, कधी दोन-दोन गावांचा कारभार. ज्या सरपंचांसोबत त्याला रोज काम करायचे, तेच कधी कधी मांडवात पाहुणे असतात. अशा माणसाने एकट्याने फिर्यादी व्हावे, ही अपेक्षाच अवघड आहे. अर्जावर त्याच्याबरोबर बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याची सही असावी आणि अर्जाचा छापील नमुना प्रत्येक ग्रामपंचायतीत असावा. याला वेगळा निधी लागत नाही.

आता वयाच्या पुराव्याबद्दल. सगळी लढाई इथेच जिंकली किंवा हरली जाते. पथक घरी पोचते तेव्हा हातात आधार कार्ड ठेवले जाते आणि त्यावर मुलगी अठरा पूर्ण असते. आधारवर १ जानेवारी ही जन्मतारीख दिसली, तर जरा थांबावे : नेमकी तारीख न देता नुसते वय सांगून नोंदणी केली की तीच तारीख पडते. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ९४ मध्ये क्रम स्पष्ट दिला आहे : आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र. ते नसेल तर ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेने दिलेला जन्मदाखला. आणि दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. पालक या तपासणीचा आग्रह धरतात, कारण तिच्या अंदाजात एक-दोन वर्षांची कमी-जास्त धरावी लागते आणि सोळा वर्षांची मुलगी अठराची ठरू शकते. शाळेची नोंद हाती असताना या तपासणीला मान्यता देऊ नये.

ही नोंद मिळते शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये. मुलगी पहिलीत ज्या शाळेत दाखल झाली, त्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यासह घ्यावा. नंतरच्या शाळेत तीच तारीख पुढे आलेली असते, पण मधे कोणी दुरुस्ती केली असेल तर ती पहिल्या रजिस्टरवरच उघडी पडते. खाडाखोड, वेगळी शाई, दुरुस्तीसमोर आदेशाचा क्रमांक आहे की नाही, हे बारकाईने पाहावे. दाखल करताना गुरुजींनी अंदाजाने १ जून लावलेली असेल तरी रजिस्टरमध्ये आहे तीच तारीख धरायची. अडचण एकच : लग्न बहुधा मे महिन्यात असते आणि शाळेला सुट्टी असते. मुख्याध्यापक गावी गेलेले, कपाटाची किल्ली त्यांच्याकडे. उन्हाळ्यात रजिस्टर कोणाकडे राहील आणि किल्ली कोणाकडे, हे एप्रिलमध्येच लेखी ठरले पाहिजे. आठवी ते दहावीच्या मुलींच्या जन्मतारखांची एक यादी शाळेने सुट्टी लागण्यापूर्वी ग्रामसेवकाकडे देऊन ठेवली तरी अर्धे काम होते.

माहिती देणाऱ्यांनाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत. १०९८ हा बालकांसाठीच्या मदतवाहिनीचा क्रमांक चोवीस तास चालतो आणि माहिती देणाऱ्याचे नाव गुप्त ठेवले जाते. पण हळद लागल्यावर केलेल्या फोनचा उपयोग फार थोडा. सुपारी फुटली, पाहुणे येऊन गेले, बस्ता बांधायला घरातली माणसे तालुक्याला गेली, वर्गातल्या मैत्रिणीने सांगितले, मुलगी परीक्षा तोंडावर असताना शाळेत यायची बंद झाली, वर्षाच्या मध्येच कोणी शाळा सोडल्याचा दाखला मागायला आले, या खुणा आठ-पंधरा दिवस आधी दिसतात. फोन तेव्हा करावा. मुलीचे नाव, बापाचे नाव, शाळा, वाडी किंवा तांडा आणि घरापर्यंत जायची खूण एवढे सांगितले की पुरते. मंगल कार्यालयाचे मालक, मांडववाले, पत्रिका छापणारे, आचारी, फोटोग्राफर आणि लग्न लावणारे गुरुजी किंवा काझी यांनीही वयाचा दाखला पाहिल्याशिवाय सुपारी घेऊ नये. बालविवाह लावणाऱ्याला आणि त्याला साथ देणाऱ्याला कलम १० मध्ये दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. 'हा नुसता साखरपुडा आहे' हे उत्तर पथकाला नेहमी मिळते. साखरपुड्यातच लग्न उरकून घेण्याची आपल्याकडची रीत माहीत असलेल्याने त्यावर समाधान मानू नये. मुंडावळ्या, मंगळसूत्राची पेटी, अक्षतांचे ताट, भटजींची मांडामांड याचा पंचनामा करावा आणि फोटो काढून ठेवावेत.

लग्न थांबवल्यावर मुलगी त्या रात्री कुठे असते, याचा विचार सर्वांत कमी होतो. घरात झालेल्या खर्चाचा, नाचक्कीचा सगळा राग तिच्यावर निघतो. 'तूच कोणाला तरी सांगितलंस' असे म्हणून तिला मारहाण होते, मोबाइल काढून घेतात, शाळा बंद करतात. ज्या मुलीचे बालवयात लग्न होण्याचा धोका आहे, ती कायद्याने 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले बालक' आहे. तिला ताब्यात घेतले तर चोवीस तासांत बाल कल्याण समितीपुढे हजर करायचे असते. समितीने तिच्याशी एकटीशी बोलावे, आईबापांसमोर नाही. त्यांच्यासमोर विचारले तर कोणतीही मुलगी 'मला घरीच जायचंय' असेच म्हणेल. घरी पाठवायचे ठरले तर जिल्हा बाल संरक्षण कक्षाने आठव्या दिवशी, महिन्याने, तीन महिन्यांनी आणि पुढे अठरा पूर्ण होईपर्यंत तिची भेट घ्यावी आणि प्रत्येक भेटीत दोनच गोष्टी आधी पाहाव्यात : मुलगी समोर उभी आहे का, आणि शाळेच्या हजेरीपटावर या महिन्यात तिचे किती दिवस भरले. 'मामाकडे गेली आहे' हे उत्तर मिळाले तर त्याच दिवशी मामाच्या गावच्या ग्रामसेवकाला फोन झाला पाहिजे.

हे सगळे करूनही लग्ने का होतात, हे डोळ्याआड करून चालणार नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. देशाची सरासरी २३.३ टक्के, म्हणजे प्रगत म्हणवणारे आपले राज्य तिच्यापासून फार दूर नाही. बीड आणि परभणीत हेच प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर गेले आहे. बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे फक्त ८०७ मुली होत्या, हेही याच ओळीत वाचावे.

ऊसतोडीचे गणित तर उघड आहे. मजूर नेणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्यावर, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुलाचे लग्न झाले की घरात एक कोयता वाढतो. दुसऱ्या बाजूला मुलीचे आईबाप दसरा-दिवाळीनंतर पाच-सहा महिने फडावर असतात. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला गावात म्हाताऱ्या आजीजवळ ठेवायचे की कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, उघड्यावर न्यायचे, दोन्हीकडे त्यांच्या पोटात गोळा येतो. लग्न करून दिले की काळजी मिटली, असे त्यांना वाटते. त्यात वय जितके कमी तितका हुंडा कमी, आणि मोठीबरोबर धाकटीचेही उरकले तर एका मांडवात दोन लग्ने. या आईबापांना अडाणी म्हणून झिडकारण्यात अर्थ नाही. त्यांनी जोखमीचा हिशेब केलेला असतो, आणि तो बदलायचा तर मुलीला सुरक्षित ठेवणारी जागा दाखवावी लागेल.

इथेच सरकारी योजनांमधली फट दिसते. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांपर्यंत. हंगामी वसतिगृहे मुख्यतः आठवीपर्यंतच्या मुलांसाठी. आणि लग्नाचे वय अठरा. मधली चार वर्षे मुलगी कोणाच्याच यादीत नाही, आणि धोका नेमका याच चार वर्षांत. 'लेक लाडकी' योजनेत मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर ७५ हजार आणि आधीच्या टप्प्यांसह एकूण १ लाख १ हजार रुपये मिळतात, योजना चांगली आहे. पण ती १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलींसाठी. त्यातली पहिली मुलगी अठराची होईल २०४१ मध्ये. आज नववीत असलेल्या मुलीच्या बापाला त्यातून काहीच दाखवता येत नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृहे मंजूर आहेत. त्यांत प्रवेश जूनमध्ये पूर्ण व्हावा. दिवाळीनंतर बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढले की अर्ज भरून घ्यायला घरी कोणी राहत नाही. वडील वारलेल्या किंवा एकट्या आईच्या मुलीला बालसंगोपन योजनेतून महिना २,२५० रुपये मिळू शकतात. अशा घरांत लग्नाची घाई अधिक असते, म्हणून हा अर्ज लग्न थांबवल्यावर त्याच आठवड्यात भरून घ्यावा.

आणि बस. गावात शाळा आठवीपर्यंत, नववीला चार-सहा किलोमीटरवर, अकरावीला तालुक्याला. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, मानव विकास कार्यक्रमाची मुलींसाठीची निळी बसही आहे. पण प्रात्यक्षिके संपतात पाचला आणि बस निघते साडेचारला, असे झाले की मुलगी फाट्यावर अंधारात उभी राहते. तिथे कोणी दोनदा मोटारसायकल आडवी घातली की घरात तिसऱ्या दिवशी स्थळांची चर्चा सुरू होते. बसची वेळ अर्ध्या तासाने पुढे नेण्यासाठी ग्रामसभेचा ठराव आणि मुख्याध्यापक किंवा प्राचार्यांचे वेळापत्रकासह पत्र आगार व्यवस्थापकांकडे द्यावे. दोन्ही कागद सोबत असले तर नुसत्या तोंडी विनंतीपेक्षा काम लवकर होते.

लग्न होऊन गेलेल्या मुलींबद्दल एक मुद्दा तातडीचा आहे. ११ ऑक्टोबर २०१७ च्या निकालापासून अठरा वर्षांखालच्या पत्नीशी शरीरसंबंध हा बलात्कार ठरतो आणि पोक्सोखाली, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखाली, पोलिसांना कळवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मुलीच्या संरक्षणासाठी हे योग्यच आहे. पण त्याच्या धास्तीने सोळा-सतरा वर्षांच्या गरोदर मुलीला घरचे दवाखान्यात नेत नाहीत, नेले तर वय एकोणीस सांगतात. रक्त कमी आहे, पायावर सूज आहे, डोके दुखते, हे सगळे शेवटच्या महिन्यापर्यंत लपून राहते. पोक्सोच्या २०२० च्या नियमांनुसार तातडीच्या उपचाराआधी पोलिसांचा किंवा कोणताही कागद मागता येत नाही. आशाताईंनी आणि आरोग्य केंद्रांनी हे घराघरांत स्पष्ट सांगितले पाहिजे. मुलीने लग्न रद्द करायचे ठरवले तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तिला विनामूल्य वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. लग्न रद्द करताना पोटगी, राहायची सोय आणि मुलाचा ताबा यांवर आदेश मिळू शकतो. झालेले मूल कायद्याने औरसच राहते. लग्न मोडले तर मूल बेवारशी ठरेल, ही भीती तिला दाखवली जाते, ती खोटी आहे.

शेवटी आपल्या वृत्तपत्राला विनंती. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार अशा मुलीची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. नाव बदलून गाव, आडनाव, इयत्ता आणि बापाचा व्यवसाय छापला, की अख्ख्या पंचक्रोशीला मुलगी कळते. माना खाली घातलेल्या आईबापांचा फोटो तर छापूच नये. आणि 'बालविवाह रोखला' ही बातमी ज्या तारखेला छापाल, ती दैनंदिनीत लिहून ठेवा. सहा महिन्यांनी आपल्या वार्ताहराने जिल्हा बाल संरक्षण कक्षाला, मुलीचे नाव न विचारता, एवढेच विचारावे : त्या प्रकरणात मनाई हुकूम घेतला होता का, आणि मुलगी आज कोणत्या इयत्तेत आहे.

आपले,
बालविवाह प्रतिबंधाचे काम करणारे काही कार्यकर्ते,
मराठवाडा